पडद्यावरचे संग्रहालय आणि आपण

चित्रकला ही आपल्या समाजाच्या वाट्याला सहजपणे कधी आलेली नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी सांगतो, संग्रहालयाची पायरी मी चढलो ती नोकरी लागल्यावर. आता मोबाईलवर जगातली संग्रहालये फुकट हिंडता येतात. २०११ मध्ये गुगलने १७ संग्रहालयांपासून हा उपक्रम सुरू केला; पुढे दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालयही त्यात आले. या आभासी फेरीचे स्वागतच केले पाहिजे. पण डोळे उघडे ठेवून.

ही फेरी तयार कशी होते? दालनात ठिकठिकाणी कॅमेरा ठेवून चोहोबाजूंची छायाचित्रे घेतात आणि ती एकमेकांना सांधतात. आपण बोटाने एका जागेवरून दुसरीकडे सरकतो. म्हणजे कॅमेरा जिथे उभा राहिला नाही, तिथे आपल्यालाही उभे राहता येत नाही. दारावरचा पहारेकरी गेला. पण काय दाखवायचे आणि त्याखाली काय लिहायचे, हे आजही दुसराच ठरवतो.

औंधचेच पाहा. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले. तिथे रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे आहेत, हेन्री मूरचे आई आणि मूल हे शिल्प आहे. चित्रातला कुंचल्याचा फटकारा पडद्यावर मोठा करून पाहता येईल. मूरच्या दगडाभोवती मात्र पायांनीच फिरावे लागते. त्याचा भार पडद्यावर कळत नाही.

याच औंध संस्थानातल्या आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. त्यांच्या घरी तराळकी होती. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात ते जिणे त्यांनी मांडले आहे. राजाचे चित्रप्रेम खरे आणि तराळाची वणवणही खरी. एकाचे दालन झाले, दुसऱ्याचे पुस्तक. शिक्षकांनी ही दोन्ही एकाच तासाला मुलांपुढे ठेवावीत. चित्रात कोण आहे, कोण नाही, चित्राचे पैसे कोणाच्या घामातून आले, हे मुलांना विचारू द्यावे.

आणि कॅमेरा आपणही हाती घ्यावा. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. गावोगावच्या घरांत जुनी हलगी, मोर्चाची छायाचित्रे, पहिल्या पिढीची प्रमाणपत्रे पडून आहेत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि खालची ओळ आपल्या मुलांनी लिहावी.