अक्षरे उलटी दिसतात काय?

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचन शिकविण्याचे, म्हणजे शाळांतून ज्याला सर्रास ‘रेमेडियल’ म्हणतात ते काम मी कित्येक वर्षे करीत आहे. आणि पहिल्या भेटीस येणारे आईबाप मुलाच्या वह्या दाखविण्याआधी चष्म्याच्या नंबराचा कागद पुढे करतात, हे इतक्यांदा अनुभवले आहे की त्या कागदामागची समजूत प्रथम दूर करणे मला अगत्याचे वाटते. मुलाला अक्षरे उलटी दिसतात, अर्थात दोष डोळ्यांचा असला पाहिजे, ही ती समजूत. १८८७ साली ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द ज्याने योजिला तो रुडोल्फ बर्लिन जर्मनीतला नेत्रवैद्य होता हे खरे. परंतु आपल्या रुग्णांच्या वाचनदोषाचे मूळ त्यानेही मेंदूतच मानले होते. नजर जरूर तपासून घ्यावी, कारण अंधूक दिसणाऱ्या मुलाला चष्मा हवाच. मात्र डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचा यांनी डिस्लेक्सिया दूर होतो याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या व नेत्रतज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ साली संयुक्त निवेदनाने स्पष्ट केले आहे. अक्षर उलटे काढणे तर पहिलीतल्या पुष्कळ मुलांच्या पाटीवर आढळते.

मग अडचण कोठे आहे? बहुतेक मुलांच्या बाबतीत ती ध्वनीपाशी आहे. बोललेल्या शब्दाचे घटक मनात सुटे करणे, आणि त्या प्रत्येकाशी कागदावरच्या खुणेची गाठ क्षणार्धात घालणे, हे काम इतर मुलांना थोड्या सरावाने साधते, ते या मुलांना फार कष्टाने साधते. म्हणून माझ्या तासाचा आरंभ पुस्तकाने होत नाही. मेजावर तीन गुंड्या ठेवून मी ‘कमळ’ म्हणते, मूल एकेका उच्चाराबरोबर एकेक गुंडी पुढे सरकविते. मग पहिली गुंडी मी उचलून घेते आणि विचारते, आता काय उरले? ‘मळ’ हे उत्तर यायला एखाद्या हुशार, चुणचुणीत मुलाला चार आठवडे लागलेले मी पाहिले आहेत.

हुशार हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात नोंदविली. त्या मुलाने ७४९ ला ८६७ ने झटपट आणि अचूक गुणिले, परंतु स्वतःचे नाव लिहिताना त्यातली अक्षरे मागेपुढे केली. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता. इतक्या जुन्या साक्षीनंतरही ‘आळशी’, ‘मठ्ठ’ हे शिक्के आपल्या वर्गांतून मारले जातात आणि चुकलेला शब्द शंभर वेळा लिहिण्याची शिक्षा होते, याचे मला मनस्वी दुःख होते. जी गाठ मुळात बसलेलीच नाही ती शंभरदा गिरविल्याने बसत नाही.

दुसरी समजूत अधिक सुशिक्षित आहे: हा इंग्रजीचा आजार, मराठी जशी बोलावी तशी लिहितात, तेव्हा मराठी माध्यमात तो संभवत नाही. इंग्रजीचे स्पेलिंग अधिक छळते यात संशय नाही. पण लिपी नियमित असली म्हणजे हा दोष नाहीसा होत नाही, चुकांपेक्षा मंद, अडखळत्या वाचनाच्या रूपाने तो अधिक प्रकट होतो. शिवाय आपल्या लिपीला तिचे स्वतःचे चकवे आहेत. ‘कि’ या अक्षरात आधी उच्चारायचा क, पण डोळ्यांपुढे आधी येते वेलांटी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत एखाद्या वळणाचा काय तो फरक. आणि ‘र’ तर किती वेषांनी येतो! ‘चक्रा’त तो तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्रा’त पायाशी बसतो, ‘सुऱ्यां’त आडवा होतो, आणि ‘कर्मा’त म च्या आधी उच्चारला जाऊनही म च्याच डोक्यावर चढतो, ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांत माझी मुले नेमकी येथेच हरवतात. मराठीतून तपासणीची साधनेच नाहीत, हेही आता खरे नाही: मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी सिद्ध केली, ती मराठीतही आहे.

वय वाढले की आपोआप सुटेल, म्हणून कित्येक घरे मौल्यवान वर्षे दवडितात. ते सुटत नाही. पद्धतशीर शिकवणीने वाचन पुष्कळ सुधारते, गती बहुधा थोडी मंदच राहते, आणि म्हणूनच परीक्षेतला वाढीव वेळ किंवा लेखनिक ही सवलत न्याय्य ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिलेली आहे. दाखल्यासाठी अर्ज करण्यात घराण्याची बेअब्रू मानू नये. तसेच दाखला मिळाला म्हणजे शिकवणीची गरज संपली, असेही समजू नये.

गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाने माझ्यासमोर ‘पर्वत’ हा शब्द ‘प्रवत’ असा वाचला, थांबला, व च्या डोक्यावरच्या रफारावर बोट टेकविले, ओठांतल्या ओठांत ‘पर्… पर्’ म्हणाला, आणि मी तोंड उघडण्यापूर्वी, पुस्तकावरची नजर न काढता, तो शब्द त्याने आपला आपण दुरुस्त केला.