केमो चालू असताना व्हिटॅमिन सीची गोळी?

कॅन्सरच्या माणसाला भेटायला आपल्याकडे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. कुणी मोसंबी नेतं, कुणी पेरू, आणि हल्ली मेडिकलमधून व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची बाटलीही नेली जाते. करोनाच्या काळात या गोळ्या वस्तीत घरोघरी पोचल्या, आणि ‘त्यानं ताकद येते’ हे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसलं. देणाऱ्याच्या मनात माया असते. तरीही केमो चालू असलेल्या रुग्णाला ही गोळी आपल्या मनाने देऊ नका, असं आम्ही म्हणतो. त्याला कारण आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कॅन्सर केंद्रात डॉ. मार्क हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. अशा पेशी माणसाच्या गाठीतून किंवा रक्तातून घेतलेल्या असतात आणि काचेच्या भांड्यात वर्षानुवर्षं वाढत राहतात. (या कामातल्या सगळ्यात प्रसिद्ध पेशी १९५१ साली अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या गाठीतून घेतल्या होत्या. तिला विचारलंही नव्हतं. तिच्या पेशींवर जगभर संशोधन झालं, आणि घरच्यांना त्याचा पत्ता लागायला वीसेक वर्षं गेली.)

हीनींच्या प्रयोगात काही पेशींना आधी व्हिटॅमिन सी दिलं, काहींना दिलं नाही. मग दोन्हींवर केमोची औषधं टाकली. व्हिटॅमिन सी मिळालेल्या पेशी ३० ते ७० टक्के कमी मेल्या. जितकं व्हिटॅमिन जास्त, तितका औषधाचा मार कमी. एक-दोन नव्हे, तपासलेल्या पाचही औषधांच्या बाबतीत असंच दिसलं.

त्या पाचांत सिसप्लॅटिन आहे आणि डॉक्सोरुबिसिनही आहे. ही नावं आपल्याला परकी नाहीत. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशनच्या जोडीने बहुधा दर आठवड्याला सिसप्लॅटिनच देतात. तंबाखू-गुटख्याने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरलाही ते वापरतात. डॉक्सोरुबिसिन स्तनाच्या कॅन्सरला देतात. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली आहे, आणि त्या नोंदीत बायकांमध्ये गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वरच्या क्रमांकावर राहिला आहे.

असं का होतं? पेशीच्या आत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. केमोच्या माऱ्याने त्या ढासळल्या की पेशी मरते. व्हिटॅमिन सीने त्या भट्ट्यांनाच टेकू दिला. आपली पेशी कोणती आणि रोगाची कोणती, हे व्हिटॅमिनला कळत नाही. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर बोर्टेझोमिब नावाचं औषध देतात, तिथं तर व्हिटॅमिन सी थेट औषधालाच जाऊन चिकटतं आणि त्याला निकामी करतं.

आता दुसरी बाजू. काचेच्या भांड्यातली पेशी म्हणजे माणूस नव्हे. हीनींच्या गटाने उंदरांवरही पाहिलं, तिथंही व्हिटॅमिन सी आधी दिल्यावर डॉक्सोरुबिसिनचा परिणाम बराच घटला. पण उंदीरही माणूस नव्हे. शिवाय २००५ साली अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत उलटं दिसलं होतं. व्हिटॅमिन सीचं प्रमाण फार वाढवलं, की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन कॅन्सरच्या काही पेशी मरतात. मात्र तेवढं प्रमाण गोळ्या खाऊन रक्तात येतच नाही, त्यासाठी शिरेतूनच द्यावं लागतं. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी १९७६ साली व्हिटॅमिन सीने कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात असा दावा केला होता. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ साली रोज दहा ग्रॅम तोंडावाटे देऊन पाहिलं, काही फायदा निघाला नाही. शिरेतून देण्याच्या चाचण्या अजून चालू आहेत. तो अजून रोजचा उपचार झालेला नाही.

म्हणून कुणी ‘ताकदीचं सलाईन’ म्हणून व्हिटॅमिन सीचा मोठा डोस लावत असेल तर सरळ नाही म्हणा. काहींच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी हा घटक कमी असतो. अशा माणसाच्या तांबड्या पेशी या डोसाने फुटतात. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते, आणि सिसप्लॅटिन आधीच मूत्रपिंडावर भार टाकत असतं. त्या सलाईनच्या पैशात बार्शीच्या किंवा संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या किती खेपा होतील, तेही बघा.

मग लिंबू बंद करायचं का? नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असतं. वरणावर पिळलेलं लिंबू, एखादी पेरूची फोड, हे जेवण आहे. त्याची भीती नको. तोंड आलं असेल तर मात्र आंबट झोंबतं, तेव्हा नका देऊ. प्रश्न ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा आहे, पावडरींचा आहे आणि रोज पेलाभर प्यायच्या आवळ्याच्या अर्काचा आहे.

डॉक्टर रागावतील म्हणून या गोष्टी बऱ्याच घरांत लपवल्या जातात. रागावू देत. पुढच्या केमोला जाताना घरात असलेली प्रत्येक बाटली, पुडी, काढा पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, हे एकेक करून विचारा. कारखान्याला ऊसतोडीला निघायच्या आधी केमोच्या पुढच्या तारखाही तिथंच कागदावर लिहून घ्या, कारण चुकलेला डोस कुठल्याच गोळीने भरून निघत नाही.