रक्तातील पहारेकरी आणि इलाजाचा हिशेब

एकदा गोवर येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. रक्तातील काही पांढऱ्या पेशी शत्रूची ओळख वर्षानुवर्षे जपून ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. त्यांच्याच कुळातील ‘टी’ पेशी शरीराबाहेर वाढवून कर्करोगाच्या रुग्णाला परत देण्याचे काम आता आपल्या महाराष्ट्रात होत आहे.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. घरात कर्करोग शिरला की आधी दागिने, मग माल आणि शेवटी दुकान जाते, हे आम्ही गोंदियाच्या बाजारात पाहत आलो आहोत. म्हणून हा विषय आपलाच आहे.

काम कसे चालते?

मुंबई आयआयटीचे प्रा. राहुल पुरवार व टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून हा इलाज तयार केला. २०१८ साली त्यासाठी ‘इम्युनोॲक्ट’ कंपनी निघाली. इलाजाचे नाव ‘नेक्सकार १९’. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवी जनुके घालतात, जेणेकरून त्या कर्करोगाच्या पेशी ओळखतील. मग त्या प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढवून सलाईनप्रमाणे परत चढवितात. त्यांपैकी काही स्मृतिपेशी बनून पहारा देत राहतात. अमेरिकेत २०१० साली इलाज झालेल्या दोघांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही अशा पेशी आढळल्या.

भाव काय?

परदेशात हाच इलाज तीन-चार कोटींना पडतो. येथे तो सुरू झाला तेव्हा ४० ते ५० लाख सांगितला गेला. कारण व्यापाऱ्याला सहज समजेल. सूत बाहेरून आणले तर कापड महागच पडते. येथे तो महागडा विषाणूही देशातच बनविला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते शुभारंभ झाला.

पण कोणी दलालाच्या भूलथापांना बळी पडू नये. हा इलाज रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही ठराविक कर्करोगांसाठीच आहे, तोही इतर औषधे निष्फळ ठरल्यावर. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला, म्हणजे सर्वांना नाही. आधी गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या कर्करोग रुग्णालयात तपासणी करावी, मगच मुंबईची गाडी धरावी.

आपण काय करावे?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाखांपर्यंत आहे. एवढ्यात हा इलाज भागणार नाही, पण नेहमीच्या उपचारांना मोठा आधार होतो. म्हणून रेशनकार्ड व आधारकार्डावरील नावे आजच जुळवून ठेवावीत. विम्याबाबत उलेमांचा सल्ला ज्याने त्याने घ्यावा. ज्यांनी विमा घेतला आहे त्यांनी असा इलाज त्यात बसतो काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

शेवटची गोष्ट जकातीची. बिडी कामगार, शिंपी, हातगाडीवाला यांना ४० लाख काय, ४० हजारही जड. आणि कालपर्यंत स्वतः जकात देणारा सफेदपोश दुकानदार आज कर्जात बुडाला तरी हात पसरत नाही. गरीब व कर्जबाजारी, दोघेही जकातीचे हक्कदार आहेत. रमजानमध्ये रक्कम सुटी सुटी वाटण्याऐवजी राईस मिलवाले, कापडवाले, किराणावाले यांनी तिचा एक हिस्सा आजारी हक्कदारांसाठी वेगळा काढावा आणि नाव गुप्त ठेवून तो त्यांच्या हाती पोहोचवावा. इन्शाअल्लाह, एखादे दुकान तरी विकण्यावाचून वाचेल.