फोनआधीच सुचलेलं पाकीट

20 जून 1994 रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात एक अर्ज दाखल झाला. त्यात एका कार्डवजा यंत्राचं वर्णन होतं. त्याला पडदा होता, आत प्रोसेसर आणि मेमरी होती. क्रेडिट कार्ड, बँकेचं कार्ड, कचेरीतलं ओळखपत्र, दवाखान्याचं कार्ड, या सगळ्यांचं काम त्या एकट्याने करायचं होतं. पैसे दिले की पावती कागदावर न येता त्यातच साठणार होती. दुकानांच्या जाहिराती आणि सवलतीही त्यावरच दिसणार होत्या! पेमेंटचं ॲप उघडल्यावर आज आपल्याला जे दिसतं, ते जवळपास सगळं त्या अर्जात आहे. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल लागायला मात्र तेव्हा अजून वर्षभराचा अवकाश होता. तो लागला 31 जुलै 1995 ला.

अर्जदाराचं नाव सत्यनारायण गंगाराम पित्रोदा, म्हणजे आपल्याला माहीत असलेले सॅम पित्रोदा. जन्म 1942 चा, ओडिशातल्या तितलागढचा, गुजराती सुतार घराण्यातला. पदार्थविज्ञानाचं उच्च शिक्षण त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात घेतलं आणि 1964 मध्ये ते शिकागोला गेले. तोवर त्यांनी आयुष्यात एकदाही फोन केला नव्हता!

तिथे वेस्कॉम स्विचिंग या नव्या कंपनीच्या उभारणीत ते होते. 1980 मध्ये ती रॉकवेलने विकत घेतली आणि पित्रोदांच्या हिश्शाचे पैसे त्यांच्या हाती आले. कंपनी विकली की उद्योजक सहसा इतरांच्या स्टार्टअपमध्ये पैसे घालतो. पित्रोदांनी मात्र त्या पैशाच्या बळावर आपली उमेदीची वर्षं गुंतवली, तीही भारतात येऊन, देशाच्या टेलिफोनमध्ये. पुढे सरकारी सल्लागार म्हणून पगार घेतला तो वर्षाला एक रुपया. 1984 मध्ये देशी टेलिफोन तंत्रज्ञान घडवणारी सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिचं सर्वांत देखणं अपत्य म्हणजे खेड्यासाठीचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची, ती खेड्यात आणणार कुठून? म्हणून कमी वीज खाणारे आणि कमी तापणारे सुटे भाग निवडून हे यंत्र असं घडवलं, की साध्या खोलीत, उन्हाळ्यातही ते चालावं. 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते सुरू झालं.

नव्वदच्या दशकात हृदयविकाराचा झटका सोसून आणि शिल्लक संपवून ते अमेरिकेत परतले. तिथे तो अर्ज झाला आणि दशकाच्या अखेरीस त्याच कल्पनेवर सी-सॅम ही कंपनी उभी राहिली. मोबाइलमधलं पाकीट बनवणाऱ्या या कंपनीचं अभियांत्रिकीचं काम बडोद्यातही चालायचं. ते किती किचकट होतं, याची आज कल्पना येणार नाही. प्रत्येक कंपनीच्या फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, आणि पाकीट सगळ्यांवर चालायला हवं.

खरी मेख सुरक्षिततेची. कार्डाचा नंबर दुकानदाराकडे पडून राहिला, तर चोराला आयतंच फावतं. आज त्यावर टोकनचा उपाय आहे. खऱ्या नंबरऐवजी एक बदली नंबर दिला जातो, तो ठरलेल्या दुकानापुरता किंवा फोनपुरताच चालतो, आणि चोरीला गेला तरी इतरत्र निरुपयोगी ठरतो. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारांना कार्डाचे नंबर साठवायला मनाई केली, ती याच भरवशावर.

मला या सगळ्यात सर्वांत थक्क करते ती पित्रोदांची चिकाटी. अमेरिकेत पेटंटचं आयुष्य अर्जापासून वीस वर्षांचं. त्या पहिल्या अर्जाची वीस वर्षं भरली 2014 मध्ये, आणि त्याच वर्षी मास्टरकार्डने सी-सॅम विकत घेतली. रमेश मेंगवडे यांनी उभी केलेली पुण्याची इलेक्ट्राकार्ड ही पेमेंट सॉफ्टवेअरची कंपनीही मास्टरकार्डने त्याच वर्षी घेतली. तेव्हापासून पुणे आणि बडोदा, दोन्हीकडे मास्टरकार्डची तंत्रज्ञान केंद्रं झाली.