दोन डोंगरांमधला सूर्य

दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. समुद्र कधी न पाहिलेलं सोलापूरचं पोरही चित्रकलेच्या तासाला हेच काढतं. फळ्यावरचं वहीत उतरवायची ही सवय जुनी आहे.

मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिथे पुढे रुजली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिस्त: नमुना समोर ठेवायचा आणि रेघ न चुकता तो हुबेहूब काढायचा. सरकारला हातात सफाई असलेले कारागीर हवे होते. शाळांमधल्या चित्रकलेनंही तेच वळण गिरवलं.

युरोपात मात्र वारं फिरू लागलं होतं. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी वर्ग काढला आणि नमुनेच बाजूला ठेवले; मुलांनी मनातलं काढावं, एवढाच आग्रह.

आपल्याकडे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल हळहळताना सुचवलं, की मुलाला अक्षरांआधी चित्र काढायला शिकवावं. पुढे १९४०च्या दशकात शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत कला शिकवू लागले. अनेक वर्षांच्या त्या अनुभवातूनच कला हा शिक्षणाचा पाया आहे, अशी त्यांची मांडणी झाली.

त्याच सुमारास, १९४७ मध्ये, व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचं पुस्तक आलं. मुलांच्या चित्रांतल्या ‘चुका’ वाढीच्या पायऱ्या असतात, हे त्यांनी उलगडून दाखवलं. चार वर्षांचं मूल माणूस काढतं तो डोक्यालाच पाय फुटलेला. पहिली-दुसरीत कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आकाशाची निळी पट्टी आणि मधली जागा कोरी. एसटीच्या पत्र्यातून प्रवाशांचे पाय दिसतात. आई घराहून उंच होते, कारण ती महत्त्वाची. इथे खोडरबर पुढे करणारा शिक्षक पायरीच खोडतो.

महाराष्ट्रात कला संचालनालय १९६५ साली स्थापन झालं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनी घरोघरी चित्रकला पोहोचवली, पण त्या मोठ्या वर्गांतल्या मुलांच्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातही कलेसाठी अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीचा तास वर्गशिक्षकाच्याच गळ्यात. त्याला स्वतःला शाळेत तेच दोन डोंगर शिकवलेले.

बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ पुस्तकानं कला, कार्यानुभव आणि खेळ एकत्र आणले. अशा तासाला भेंडी आडवी कापून रंगात बुडवली, की कागदावर पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. नमुना कुणीच दिलेला नसतो. कुणी त्याची वेल करतं, कुणी आजीच्या लुगड्याचा काठ. आणि एखादं पोर सगळी फुलं एकाच कोपऱ्यात, एकावर एक दाबत बसतं.