रिफर्बिश्ड साउंड सिस्टिम घेताय? आधी ती दुरुस्त होईल का ते बघा

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना नाट्यसंगीत नीट ऐकता यावं म्हणून मी एक रिफर्बिश्ड साउंडबार घेतला. नवा साधारण चौदा हजारांचा, मला साडेसहात मिळाला. वॉरंटी सहा महिन्यांची. सातव्या महिन्यात वायरलेस सबवूफर साउंडबारला जोडलाच जाईना. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, आणि हा बोर्ड मिळत नाही." बाबा काही बोलले नाहीत, पुन्हा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायला लागले.

नंतर मी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून एक जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली. अ‍ॅम्प्लिफायर जवळपास माझ्याच वयाचा. मध्ये एकदा त्यातून घरघर यायला लागली, पण दोन कपॅसिटर बदलले आणि काही शे रुपयांत काम झालं.

दोन्ही वस्तू जुन्याच होत्या. फरक इतकाच, की अ‍ॅम्प्लिफायर बिघडतो तेव्हा त्याचा एखादा भाग बिघडतो आणि तो भाग बाजारात मिळतो. साउंडबार किंवा स्मार्ट स्पीकरमध्ये सगळं एका बोर्डवर असतं, आणि वर सॉफ्टवेअर. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे, पण सांगतो, हार्डवेअर धडधाकट असूनही वस्तू म्हातारी होते ती आमच्यामुळे. सोनोस या अमेरिकी कंपनीने मे २०२० पासून आपल्या सर्वांत जुन्या मॉडेल्सना नवीन सुविधांचे अपडेट देणं थांबवलं. ती मॉडेल्स वाजायची बंद पडली नाहीत, पण कंपनीच्या नव्या अ‍ॅपमध्ये त्यांना जागा राहिली नाही. त्यामुळे रिफर्बिश्ड स्मार्ट स्पीकर घ्यायचाच असेल, तर त्या मॉडेलला अपडेट अजून मिळतात का आणि आधीच्या मालकाच्या अकाउंटमधून ते काढलंय का, हे पैसे देण्याआधी तपासा.

दुकानात काय तपासायचं?

"रिफर्बिश्ड" म्हणजे नेमकं काय, हे विकणाऱ्यावर अवलंबून असतं. कुणी जुने भाग खरंच बदलतो, कुणी फक्त पुसून चकचकीत करतो. म्हणून सरळ विचारा, "यात काय काय बदललं?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याने काही बदललेलं नाही असं मी धरून चालतो.

अ‍ॅम्प्लिफायर असेल तर सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा. परदेशातून आलेला माल बऱ्याचदा तिथल्या विजेवर चालणारा असतो. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. असा अ‍ॅम्प्लिफायर थेट आपल्या प्लगला लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. मावशीने अमेरिकेहून पाठवलेली सिस्टिम असली तरी हेच. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची किंमत हिशेबात धरा. काही मॉडेल्सच्या मागे व्होल्टेज बदलायचं बटण असतं. ते कुठल्या आकड्यावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मग तो चालू करा. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काही सेकंदांनी "टक" असा आवाज येतो. तो स्पीकरला वाचवणाऱ्या रिलेचा. ज्यात रिले आहे त्यात टक झालं नाही, तर आत काहीतरी बिघडलेलं आहे. आता काही न वाजवता कान लावा. बारीक घूं ऐकू आली तर बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेत. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचं डीसी करताना १०० हर्ट्झचे चढउतार उरतात. ते सपाट करायचं काम या कपॅसिटरचं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर मात्र घाबरू नका. ती साधारणपणे धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. भाव पाडायला उपयोगी!

जवळ मल्टिमीटर असेल तर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. काही दहा मिलिव्होल्टपर्यंत ठीक. शंभरच्या वर असेल तर मी तो घेत नाही, कारण जास्त डीसीने स्पीकरची कॉइल जळू शकते.

स्पीकरची जाळी काढायला लावा. वूफरच्या कडेला फोमची रिंग असेल तर बोटाने हलकेच दाबून बघा. पंधरा-वीस वर्षांत फोमचा भुगा होतो. रबराची रिंग जास्त टिकते. मग पडदा चारी बोटांनी सारखा दाबा, आत घासल्याचा आवाज यायला नको. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण ६ ओहम दाखवतो, तेव्हा दुकानदाराशी भांडू नका. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली असू शकते.

पीएमपीओचे हजारो वॉट विसरा, आरएमएस विचारा. दहा बाय बाराच्या खोलीला वीस-तीस वॉट भरपूर होतात.

"पण जुन्यात ब्लूटूथ नाही ना?" असं मित्र विचारतात. नाही. मी मागच्या ऑक्स इनपुटला एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडलाय. बाबा मोबाइल त्यालाच जोडतात. उद्या तो बिघडला किंवा जुना झाला, तर तेवढाच बदलायचा.