घास उतरतो आहे. पण अन्ननलिका रिकामी होते का?

वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात श्री लईराई देवीची जत्रा भरते. त्या दिवसांत घरोघरी पाहुणे येतात, पंगती बसतात. अशा वेळी ‘तुम्ही जेवून घ्या, मी मागाहून बसतो’ म्हणणारा माणूस प्रत्येक वेळी मनाचा मोठेपणाच दाखवत असतो असे नाही. घास छातीत अडकेल, चारचौघांत उलटून येईल, या धास्तीनेही कित्येक जण पंगत टाळतात. भाकरी सुटते, पाव सुटतो, शेवटी पेजेवर दिवस निघतात. या त्रासामागे जी कारणे असतात, त्यांपैकी एक म्हणजे अ‍ॅकलेशिया.

हा आजार विरळ आहे. वर्षाला लाखात सुमारे एका व्यक्तीला तो नव्याने होतो. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची एक झडप असते. घास गिळला की ती सैल व्हावी लागते. तिचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी नष्ट झाल्या की ती मिटलेलीच राहते. अन्ननलिकेची घास पुढे ढकलण्याची लयही बिघडते आणि अन्न वरच साचते. पुष्कळदा हा त्रास पित्ताचा समजून वर्षानुवर्षे पित्तनाशक गोळ्या घेतल्या जातात.

नष्ट झालेल्या चेतापेशी परत आणणारा उपचार आज उपलब्ध नाही. त्यामुळे सर्व उपचारांचा रोख ती झडप सैल करण्यावर असतो. जर्मन शल्यचिकित्सक अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ साली हा स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया केली. जपानचे डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली तेच काम तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने साधले. अन्ननलिकेच्या आतील अस्तराखाली बोगदा करून स्नायू छेदण्याच्या या पद्धतीला ‘पोएम’ म्हणतात. पोटावर टाका पडत नाही आणि रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. भारतातील मोठ्या शहरांतील रुग्णालयांतही हा उपचार आता रुळला आहे.

खरा प्रश्न येतो तो यानंतर. उपचार यशस्वी झाला, हे ठरवायचे कशावरून?

सर्वाधिक वापरला जाणारा मापदंड एकार्ट गुणांकाचा. तो १९९२ साली मांडला गेला. त्यात चार गोष्टी विचारल्या जातात: गिळताना अडथळा, अन्न उलटून येणे, छातीत दुखणे आणि वजनातील घट. पहिल्या तिन्हींना त्रास नसल्यास शून्य, अधूनमधून असल्यास एक, रोज असल्यास दोन आणि प्रत्येक जेवणाला असल्यास तीन गुण. वजन पाच किलोपेक्षा कमी घटले तर एक, पाच ते दहा किलो घटले तर दोन, त्याहून अधिक घटले तर तीन. एकूण गुण बारा. उपचारानंतर ते तीन किंवा त्याहून कमी असले की यश मानण्याची प्रथा आहे.

मापदंड सोपा आहे. पण त्याची मर्यादा साध्या बेरजेतच दिसते. एखाद्याला प्रत्येक जेवणाला घास अडकत असेल आणि इतर तक्रार नसेल, तर त्याचे गुण तीनच होतात. कागदावर तो ‘यशस्वी’ ठरतो. ताटावर मात्र तसे नसते. उलट बाजूही आहे. छातीतले दुखणे झडप सैल झाल्यावरही काही जणांत रेंगाळते आणि चांगल्या उपचाराचे गुण बिघडवते. शिवाय माणूस आजाराशी जुळवून घेतो. लहान घास घेणे, प्रत्येक घासावर पाणी पिणे, कडक पदार्थ वगळणे हे अंगवळणी पडले की ‘आता बरे आहे’ असे उत्तर सहज येते.

म्हणून रुग्णाच्या शब्दाला तपासणीची जोड लागते. बेरियमचे द्रावण पाजून उभ्या स्थितीत एक, दोन आणि पाच मिनिटांनी क्ष-किरण चित्रे काढली जातात. पाच मिनिटांनंतर द्रावणाचा स्तंभ किती उंच उरला, यावरून अन्ननलिका कितपत रिकामी होते ते कळते. तक्रार मिटलेल्या काही रुग्णांतही हा स्तंभ उंचच आढळतो. अशांत त्रास परतण्याची किंवा अन्ननलिका हळूहळू फुगण्याची शक्यता असल्याने त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. मॅनोमेट्रीने झडपेचा दाबही मोजता येतो.

यशाला दुसरी बाजू आहे आम्लाची. झडप सैल झाली की जठरातील आम्ल वर चढू शकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या २२१ रुग्णांच्या युरोपीय अभ्यासात दोन वर्षांनी पोएमला ८३ टक्के, तर दुर्बिणीद्वारे पोटातून केलेल्या हेलर शस्त्रक्रियेला सुमारे ८२ टक्के यश मिळाले. अर्थात दोन्ही तुल्यबळ. मात्र अन्ननलिकेचा आम्लदाह पोएमनंतर ४४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के रुग्णांत दिसला. हा दाह जळजळीशिवायही असू शकतो. बहुतेकांत तो गोळ्यांनी आटोक्यात येतो. पण तो आहे हे एंडोस्कोपी केल्याशिवाय कळत नाही.

शिरगावच्या रुग्णाला डिचोली, म्हापसा, बांबोळी किंवा त्याही पलीकडे जावे लागते. घास उतरू लागला की पुढची फेरी टाळावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या काही महिन्यांतील फेरतपासणी आणि त्यानंतर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या भेटी हा उपचाराचाच भाग होय. जाताना वजनाची नोंद, कोणता पदार्थ अडकतो, जेवायला किती वेळ लागतो, रात्री खोकला येतो का, हे लिहून नेल्यास डॉक्टरांना अचूक चित्र मिळते. घरच्यांनाही सोबत न्यावे. ताटात काय उरते, हे पुष्कळदा त्यांनाच अधिक ठाऊक असते.

एक खबरदारी सर्वांसाठी. उतारवयात गिळण्याचा त्रास नव्याने सुरू होऊन वजन झपाट्याने उतरत असेल, तर कर्करोग नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. त्यासाठी एंडोस्कोपी लांबणीवर टाकू नये.

गुणांक, दाब आणि बेरियमचा स्तंभ ही मापे आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीला रुग्ण चारचौघांसोबत पंगतीला निर्धास्त बसू लागला का, हेही विचारायला हवे. दोन्हीकडून समाधानकारक उत्तर आले, तरच उपचार फळाला आला असे म्हणता येईल.